गोंड्याची गाठ

आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोघी बहिणी राहायच्या, मोठी आणि छोटी. नावं त्यांना असतीलच, पण ती कुणाला लागायची नाहीत. मोठी साठीच्या पुढची, छोटी पन्नाशीची. छोटीचं अंग वाढलं, पण डोकं लहान पोरीचंच राहिलं. तिला कुणी वेडी म्हटलं की मोठी असा तोंडाचा पट्टा सोडायची की म्हणणारा जिना उतरेपर्यंत मागे वळून बघायचा नाही. मी पहिल्या मजल्यावर शिलाई मशीन चालवते. कपडे आखूड करून देते, लांब करून देते, आणि लोकांची वजनं वाढली की शिवणी उसवून देते. माझं तोंडही काही गोड नाही. त्यामुळे मोठीचं नि माझं जमायचं.

दोघी अंघोळीचे गोंडे करायच्या. तुम्ही पाहिले असतील. दुकानात शाम्पूच्या बाटल्यांशेजारी टांगलेले असतात, जाळीचे, रंगीत, टम्म फुगलेले. दुकानदार त्याला काहीतरी इंग्रजी म्हणतो, आम्ही गोंडाच म्हणतो. मला विचाराल तर अंग घासायला साधं फडकं पुरतं. पण लोकांना फेस लागतो, आणि लोकांच्या फेसावर या दोघींचं घर चाललं. गंमत म्हणजे घरात दोघी अंघोळीला जुन्या चादरीचा तुकडाच वापरायच्या. मोठीला विचारलं तर म्हणायची, “अगं, दिवसभर तेच तोंडासमोर असतं, निदान न्हाणीत तरी नको.”

काम दिसायला सोपं. जाळीचं कापड येतं ते नळीसारखं, लांबच लांब, गुंडाळून. एक काठी मापाला ठेवलेली असते, तिच्याएवढे तुकडे कापायचे. खोलीच्या मधोमध एक लाकडी स्टूल उलटं ठेवलेलं, चारही पाय वर. त्यातल्या दोन पायांभोवती जाळीची नळी ताणून बसवायची आणि चुण्या पाडत खाली दाबायची. तिच्यावर दुसऱ्या रंगाची, तिच्यावर तिसरी. मग दोन पायांच्या बरोबर मध्ये सगळ्या जाळ्या मुठीत घेऊन आवळायच्या, आणि तिथे नायलॉनच्या दोरीची गाठ मारायची. गाठ बसली की गोंडा पायांवरून काढायचा आणि एकेक पदर ओढून फुगवायचा. सगळा खेळ त्या गाठीचा. ती ढिली राहिली तर पहिल्याच अंघोळीत गोंडा सुटतो आणि बादलीत नुसती जाळी तरंगते.

जाळी चढवणं आणि आवळणं छोटीचं, गाठ मोठीची. छोटीची मूठ म्हणजे पक्कड होती. जाळी आवळली की ती म्हणायची, “घे.” मोठी दोरी टाकायची, दोन वेढे, एक हिसका, झालं. दिवसभर वरून ते ऐकू यायचं, घे, घे, घे. मधूनच छोटी एखादी नळी डोक्यावर चढवून नवरीसारखी बसायची आणि दोघी हसत सुटायच्या. जाळीचे बारीक तुकडे इतके उडायचे की त्यांच्याकडे चहा प्यायला बसलं की कपात आधी डोकावून बघावं लागायचं.

मग मोठीच्या पोटात दुखायला लागलं. तिने ते अंगावर काढलं, जसं आपण सगळ्याच काढतो. शेवटी मीच तिला जवळजवळ ओढत दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. पुढच्या खेपेला ती एकटीच जाऊन आली, आणि डॉक्टर काय म्हणाला ते मला जिन्यात सांगितलं, हातात पावाची पिशवी धरून. आतलं दुखणं पसरलं होतं आणि आता कापून उपयोग नव्हता. मी तिथेच पायरीवर बसले. ती मात्र कठड्याला टेकून उभी होती.

“माझं सोड गं,” ती म्हणाली. “मी आज ना उद्या जाणारच. हिचं काय करू?”

आता तुम्ही म्हणाल, तू का नाही ठेवून घेतलीस? म्हणा, म्हणा. अख्खी इमारत मला तेच म्हणत होती, आपापली दारं लावून घेऊन. माझ्या एका खोलीत मी, अंथरुणाला खिळलेला नवरा, मुलगा, सून, त्यांची जुळी पोरं आणि मशीन. कुणी कूस बदलली तर दुसऱ्याला जाग येते. मोठीने मला विचारलंसुद्धा नाही. तिला माझं घर दिसत होतं. जवळचं दुसरं कुणी त्यांना नव्हतंच.

शहराच्या टोकाला छोटीसारख्या बायकांची एक संस्था होती. मोठी जाऊन बघून आली. संस्थेला दोन बाजू. एका बाजूला काम करणाऱ्या बायका. त्यांना दोघीदोघींच्या खोल्या, खिडकीत कुंड्या, बसायला कामाची मोठी खोली, संध्याकाळी अंगणात मोकळं फिरणं. दुसऱ्या बाजूला एक लांब दालन, खाटांच्या दोन रांगा आणि दाराला बाहेरून कडी. ज्यांना काहीच करता येत नाही त्या तिकडे. तिकडच्या बायकांचे केस अगदी बारीक कापलेले होते, सांभाळायला सोपं म्हणून. मोठी तिथून आली ती सरळ माझ्या मशीनजवळ येऊन बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

“तिकडे मी तिला नाही टाकणार,” ती म्हणाली. “त्यापेक्षा दोघी मिळून काहीतरी खाऊन मोकळ्या होऊ.”

“थोबाड फोडीन,” मी म्हणाले. “काम करणाऱ्यांच्या बाजूला घेण्यासाठी काय लागतं ते सांग.”

लागत होतं ते एवढंच. कुठलंही एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने करून दाखवायचं. शेजारी कुणी बसायचं नाही, हात लावायचा नाही, सांगायचं नाही. म्हटलं, अगं मग रडतेस कशाला, गोंडा आहे की! कात्री द्यायला मोठी भ्यायची, पण कापायलाही छोटी नुसतं बघून, आपली आपण आठवड्याभरात शिकली, काठी लावून, जीभ बाहेर काढून. राहिली फक्त गाठ. मला वाटलं, ही चिंता मिटली.

कसली मिटते! एकटीने गाठ मारायचीही रीत असते. दोरी आधीच जाळीखालून घालून ठेवायची, एका हाताने जाळी आवळायची, दोरीचं एक टोक दातात धरायचं आणि दुसरं ओढायचं. मोठीने ते करून दाखवलं, पुन्हा दाखवलं, हात धरून करून घेतलं. छोटी सगळं बघायची. जाळी चढवायची, आवळायची, आणि मूठ पुढे करून म्हणायची, “घे.”

“मी नाही घेणार. तू मार.”

“घे ना.”

“अगं, मी गेल्यावर कोण मारणार गाठ? शीक.”

मोठी हे शंभरदा म्हणायची. आधी समजावून, मग ओरडून, मग रडून. छोटी मूठ सोडायची नाही आणि दोरीला हातही लावायची नाही. हाताला रग लागून बोटं पांढरी पडायची, तरी तशीच बसून राहायची. एकदा दोरीचं रीळ गायब झालं. सगळं घर उलटंपालटं केलं, तेव्हा ते कपाटामागे सापडलं. जाळी आणून देणारा आणि गोंडे घेऊन जाणारा मालवाला होता, त्याने बिचाऱ्याने पकडायला सोपी म्हणून जाड दोरी आणून दिली. ती खिडकीतून खाली गेली. त्या दिवशी मोठीने तिच्या पाठीत धपाटा घातला. उभ्या जन्मात पहिला. मग स्वतःच न्हाणीत जाऊन नळ सोडून रडत बसली, आणि छोटी बाहेरून दार वाजवत राहिली.

तिला गाठच मारता येत नव्हती म्हणाल, तर तसंही नाही. माझ्या शिवलेल्या कपड्यांचे गठ्ठे तीच बांधून द्यायची आणि तिची गाठ सोडवताना माझी नखं मोडायची. पिशवीला गाठ, बुटाच्या नाडीला गाठ, वेणीच्या फितीला गाठ. फक्त गोंड्याची तेवढी नाही. मी आपली वैतागून म्हणायची, नुसता हट्ट आहे, दुसरं काही नाही.

आणि मग एक दिवस मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मोठी दवाखान्यात गेली होती, छोटीवर नजर ठेवायला मी वर गेले. दार उघडंच होतं. छोटी स्टुलासमोर पाठमोरी बसलेली. दोरी आधीच खाली घातलेली. तिने जाळी आवळली, एक टोक दातात धरलं, दुसऱ्या टोकाला हिसका दिला. दोन वेढे, गाठ. गोंडा काढला, पदर ओढले. असा सुंदर फुगला की दुकानात पुढच्या खुंटीला लावावा. मी ओरडणारच होते. तेवढ्यात तिने खाली वाकून दातांनी ती गाठ सोडवली, जाळ्या सरळ केल्या आणि पुन्हा गठ्ठ्यात ठेवून दिल्या. मला वाटलं, सराव करतेय. लाजतेय. पूर्ण जमेपर्यंत ताईला दाखवायचं नसेल. मी पाय न वाजवता खाली आले.

मोठीला सांगितलं तर ती मशीनला धरून खाली बसली. तोंड ओंजळीत घेऊन हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. “येतं तिला,” एवढंच म्हणत होती. “येतं गं तिला.” त्या रात्री तिने कित्येक दिवसांनी पोटभर जेवण केलं, आणि दुसऱ्या दिवशी संस्थेत जाऊन वेळ ठरवून आली.

आम्ही तिघी बसने गेलो. स्टूल मी उचललं होतं. बसमध्ये लोक बघत होते. एक जण म्हणाला, “बाई, बसायला जागा आहे की, घरून कशाला आणलंत?” छोटी मोठ्याने हसली. मोठीसुद्धा हसली. मोठीने तिला निळा झगा घातला होता, मीच शिवलेला, आणि वेणी घट्ट घातलेली होती. इतकी तरतरीत दिसत होती की मला वाटलं, बघताक्षणीच घेतील.

कामाच्या खोलीत बायका कागदी पिशव्या चिकटवत होत्या. संस्थेची मुख्य बाई चांगली होती हो, खोटं कशाला बोलू. तिने छोटीला पाणी दिलं, झग्याचं कौतुक केलं. एका मोकळ्या टेबलाशेजारी जमिनीवर स्टूल उलटं ठेवलं, जाळी, कात्री, काठी, दोरी सगळं हाताशी. आम्हाला दोघींना दारापाशी बाकावर बसवलं. मोठीने माझा हात धरला. तिची नखं माझ्या तळव्यात रुतत होती.

छोटीने काठी लावून तुकडे कापले. सरळ. दोरी जाळीखालून घालून ठेवली. मोठीने माझा हात आणखी आवळला. पहिली नळी चढवली, दुसरी, तिसरी. मध्ये आवळलं. खोलीतल्या बायकाही बघायला लागल्या होत्या. छोटीने मान वर केली, समोर कुणी नव्हतं. मग ती वळली, तिने दाराकडे बघितलं, आमच्याकडे, आणि मूठ पुढे करून म्हणाली, “घे.”

कुणी हललं नाही. मुख्य बाई प्रेमाने म्हणाली, “तूच मार गाठ. येते ना तुला?”

छोटीने मान हलवली. नाही.

“येते!” मी उठून ओरडले. “मी बघितलंय, येते तिला!” बाईने मला हाताने थांबवलं. बराच वेळ तसंच बसू दिलं तिला. छोटीच्या कपाळावर घाम आला, पण तिने दोरीला बोट लावलं नाही. शेवटी बाईच उठली, तिने हलकेच तिची मूठ सोडवली. आम्हाला म्हणाली, “पुन्हा आणा. कधीही आणा. पण असं असेल तर मला तिला त्या बाजूलाच ठेवावं लागेल.”

परतीच्या बसमध्ये माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मोठी खिडकीला डोकं टेकून बसली होती, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. आणि छोटी? ती खुशीत होती! पाय हलवत होती, ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणत होती. माझं डोकंच फिरलं.

“हसतेस काय गं?” मी म्हणाले. “त्या दिवशी मारलीस की गाठ, मी बघितली. मग आज काय धाड भरली होती?”

ती दचकली. मग मोठीच्या कानाशी गेली, पण तिला हळू बोलता येत नाही, त्यामुळे मलाही ऐकू आलं. “ताई, मी नाही मारली. मशीनताई खोटं सांगते. मी नाही मारली. तू नाही ना जाणार आता?”

मोठीने डोळे उघडले.

“आईने मला वेणी घालायला शिकवली,” छोटी म्हणाली. “मी शिकले. मग आई गेली. बाबांनी कुलूप लावायला शिकवलं. मी शिकले. मग बाबा गेले.” तिने मोठीचा हात आपल्या मांडीवर घेतला. “मी गाठ नाही शिकणार.”

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. त्यांच्या आईचं शेवटचं आजारपण, वडिलांचं, दोन्ही मी बघितली होती. जाणारं माणूस मागे राहणाऱ्याला दोन गोष्टी शिकवून जातं, त्यात काय नवल. पण छोटीने ते उलट्या बाजूने धरलं होतं. त्या घरात तिला कुणी काही शिकवायला बसलं की ते माणूस जातं, एवढंच तिने बघितलं होतं. आणि वर मोठी रोज तेच म्हणत होती, मी गेल्यावर, मी गेल्यावर. मला स्वतःच्या जिभेची इतकी लाज वाटली की मी उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मोठी म्हणाली, “नाही जात हं मी. कुठे नाही जात.” आणि छोटीने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले आणि म्हणाले, “अगं, मग समजावून सांग तिला. म्हणावं, गाठ मारलीस तरी मी जाणार नाही. थाप मार. एकदा तिथे पोचली की सुटली.”

“सांगितलं,” मोठी म्हणाली.

“मग?”

“म्हणाली, आईपण असंच म्हणाली होती.”

त्यानंतर आम्ही कुणीच तो विषय काढला नाही. मोठीला बसवेना झालं तसं छोटीने स्टूल खाटेशेजारी आणलं. दिवसभर जाळ्या चढवायची, आवळायची आणि खाटेकडे मूठ करून म्हणायची, “घे.” मोठी पडल्या पडल्या दोरी टाकायची. आता तिच्या हातात हिसका उरला नव्हता. गाठी नुसत्या टेकवलेल्या असायच्या. मालवाला यायचा, ते गोंडे पोत्यात भरायचा, “छान झालेत,” म्हणायचा आणि जाताना जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून जायचा. मी त्याला एकदा बघितलं. त्याने मान खाली घातली.

मोठी पहाटे कधीतरी गेली. मी चहा घेऊन वर गेले तेव्हा छोटी खाटेशेजारी बसली होती, स्टुलावर तिन्ही रंग चढवलेले, मूठ आवळलेली. हात निळा पडला होता. मला तिची बोटं एकेक करून उघडावी लागली. पुढचं सगळं इमारतीने मिळून उरकलं, तेवढी माणसं बरी आहेत आमची. छोटी एकदाही रडली नाही. ती रागावली होती. ज्याच्या त्याच्याकडे रागाने बघत होती.

संस्थेची गाडी आली ती दालनाच्या बाजूची. त्या बाजूची एक सेविका जिन्यात थांबली होती. मी छोटीचे कपडे पिशवीत भरत होते, निळा झगा वर ठेवला. छोटी खाटेच्या कडेला बसून माझ्याकडे बघत होती.

“मी गाठ मारली नाही,” ती म्हणाली.

“हो गं.”

“एकदाच मारली. पण ती सोडवली. दातांनी सोडवली.”

“माहितीय मला.”

“मग ताई का गेली? माझं काय चुकलं?”

मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्याजवळ बसले.

“तुझं काही चुकलं नाही, बाळा,” मी म्हणाले. “काहीच चुकलं नाही.”

“मग बोलाव तिला,” ती म्हणाली, आणि दाराकडे बघत बसली.